खडीसाखरेचं पाणी

हॅलो?… हां अक्का, मीच. बेबा बोलतेय… नाही, तुमचे भाऊ घरी नाहीत. गिरणा नदीवर गेलेत, भटजींना घाटावरची जागा दाखवायला… हो, परवा सकाळी आठला आबांचा दहावा, गंधमुक्ती, मग घरी जेवणं… तुम्ही उद्याच या ना हितेंद्रला घेऊन. धुळ्याहून भडगावला पहाटे निघायचं म्हणजे तुमची फार ओढाताण होईल.

जेवली मी… खरंच जेवली. शेजारच्या भागाबाईनं वरण-बट्टी पाठवली होती. तुम्ही जेवलात का?… असं कसं अक्का, नुसत्या पाण्यावर कुठं माणूस जगतं?

हो… हो, ऐकतेय… आबांना जाऊन आज आठवा दिवस. रोज तेच तेच कशाला उगाळायचं?… दिलं ना. दिलं हो. आखाजीच्या सणाला माहेरी आलात तेव्हा तुम्ही धने-खडीसाखरेची पूड करून ठेवली होती, तीच देत होते. सकाळी एक ग्लास, दुपारी एक, दिवेलागणीला एक. ती संपली तर हितेंद्रच्या हाती दुसरी बरणी पाठवलीत, तीही उघडली… नाही अक्का, हात नाही आखडला. आबांना पाणी द्यायला मी हात कशाला आखडू…

बोला. बोलून घ्या. तुमचे वडील होते… तुम्ही इथं असता तर चार ग्लास दिले असते, मान्य आहे मला. लेक ती लेक, सून ती सून… नाही, टोमणा नाही मारत.

काय?… हां, जाऊन या. मी धरते फोन.

…भूमिका, ते ताट झाक गं, माशा बसताहेत. आत्या आहे फोनवर. बाथरूमला गेलीये… हळू बोल, ऐकू जातं तिला.

हां अक्का, आहे, आहे… इथंही तेच ऊन. पंख्याची हवासुद्धा भाजते… हो, अशा दिवसांत उन्हाळी लागतेच. आबांना तरी दुसरं काय वाटलं होतं? मे महिन्यात म्हातारं माणूस तांब्यामागून तांब्या पाणी पितं आणि घडीघडी लघवीला उठतं, तर आपल्या खान्देशात उष्णता झाली असंच म्हणणार ना. पारावर नथ्थूभाऊ म्हणाले, आबा, उसाचा रस घ्या, थंडावा राहील. मग तुमचे भाऊ रोज येताना रस आणायला लागले. किती गोडीनं प्यायचे आबा…

नाही हो, मी कुठं म्हणते तुमचं चुकलं?

काय ठेवायचं?… पिंडाजवळ?… ते पाणी?… पितळी पेल्यात… अं… नाही, कुठं काय. ऐकतेय ना… हो. ठेवते… ठेवते म्हटलं ना अक्का… कावळा शिवेल हो. आबांचा जीव तुमच्या हातच्या पाण्यात अडकलाय असं वाटतं तुम्हाला, कळतं मला ते… रडा. रडून घ्या. मला कुठं घाई आहे?

परत?… जा, जा. आहे मी.

…भूमिका, ही दुसऱ्यांदा गेली ना?… तेच म्हणते मी. आत्ताच तर जाऊन आली.

हां, बोला… अक्का, हे मघापासून मधे मधे काय पिताय?… तेच?… म्हणजे तुम्हालासुद्धा उन्हाळी लागलीये?… कधीपासून?… आबांच्या आधीपासून? मग बोलला का नाहीत?… हो, आपल्या बायकांना ही गोष्ट बोलायची लाजच. पण मला सांगायचं होतं… दिवसातून किती वेळा जावं लागतं?… मोजलं नाही. बरं. आणि घसा सुकतो सारखा?… बांगड्या कोपराकडे सरकतात?… आणि तुम्ही त्यांना दोरा गुंडाळला… नाही अक्का, दुःखानं माणूस झुरतं हे खरंय. पण आठ दिवसांत बांगड्या सैल होत नाहीत… काही नाही. सहज विचारलं.

पुन्हा?… जा अक्का. सावकाश जा, घाई करू नका.

…भूमिका, कपाटात जळगावच्या दवाखान्याचा कागद आहे, तो आण. पिवळ्या पिशवीत… आहे मला आठवण. पप्पांनी शपथ घातलीये, अक्काला यातलं काही कळू द्यायचं नाही, ती जन्मभर स्वतःला जाळून घेईल म्हणून. मी हो म्हटलं होतं. पण पाव तासात तिसऱ्यांदा गेलीये ती. आबा असेच जायचे… रडू नको. दे तो कागद. आणि दार लोटून घे.

हॅलो… अक्का, तुम्ही आधी बसा. खाली बसा भिंतीला टेकून. हातातला ग्लास बाजूला ठेवा… ठेवलात?… अजून लांब ठेवा. आता मी बोलते, मधे काही बोलू नका.

आबांना उन्हाळी लागली नव्हती. आबांना साखर होती… हो, डायबिटीस… कोणालाच माहीत नव्हतं, आबांनासुद्धा नाही. उभ्या जन्मात कधी रक्त तपासलं नव्हतं त्यांनी. जळगावला नेलं तेव्हा बोटाला टोचून मशीन लावलं, तर मशीननं आकडाच दाखवला नाही. त्याच्या मोजण्याच्याही वर गेली होती. डॉक्टर म्हणाले, सारखी लघवी, सारखी तहान, खाऊनपिऊन माणूस वाळत चाललेलं, ही साखरेची खूण असू शकते, तुम्ही उष्णता म्हणून बसून राहिलात. मग त्यांनी विचारलं, घरी काय प्यायला देत होता…

…हो अक्का.

…हो. तेच.

नका… नका असं म्हणू. विष नव्हतं ते. ऐका… अक्का, ऐका ना. साखर आधीपासूनच होती त्यांना, तुमच्या पाण्यानं नाही झाली. तसं डॉक्टरच म्हणाले. पण त्यानं चढली, हे खोटं नाही सांगत मी. तुमच्या तीन ग्लासांनी चढली, तुमच्या भावाच्या उसाच्या रसानं चढली, मी वाटी भरभरून वाढला त्या आमरसानं चढली. बठ्ठ्यांचाच, आपल्या सगळ्यांचाच हात लागला त्याला…

तुम्हाला मारायला नाही सांगत. तुमचे भाऊ म्हणालेच होते, सांगू नको. मीही नसतं सांगितलं. त्या पितळी पेल्यात ते पाणी मुकाट्यानं ठेवलं असतं परवा, आणि कावळ्याला हात जोडले असते. पण तुम्ही तीनदा उठलात अक्का. एका फोनमधे तीनदा…

थांबा, माझंही ऐका. हे तुमच्या भावालासुद्धा ठाऊक नाही. आबा साधं पाणी मागायचे. ‘बेबा, जरासं पानी दे व माय.’ आणि मी म्हणायचे, आता नको आबा, प्यालात की परत उठाल. चादरी धुऊन धुऊन मी वैतागले होते. तांब्या उचलून आत ठेवायचे, अर्धा ग्लास मोजून द्यायचे. ओठ सुकलेले दिसत होते हो मला. जळगावला डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय यांच्या. मी तिथंच उभी होते, कोणाला काही बोलले नाही. तुम्ही मायेनं साखर दिलीत. मी पाणी तोडलं. आता सांगा, मी कोणत्या तोंडानं तुम्हाला बोल लावू?

अक्का?

…शिव्या द्या मला…

नाही. आबांना नाही कळलं, साखर कशानं चढली ते. तेवढं देवानं केलं… खरंच सांगते, भूमिकाची शपथ. त्या दिवशी यांनी त्यांना उचलून गाडीत बसवलं, तेव्हा शुद्ध जात-येत होती. तरी मला म्हणाले, बरणी घे संगं. मी म्हटलं, राहू द्या आबा, दवाखान्यात कशाला? तर म्हणे, ‘मन्ही पोरनी धाडेल शे.’ लेकीनं धाडलेली बरणी मांडीवर घेऊन बसले होते जळगावपर्यंत…

हो… हो…

परवा?… नाही अक्का, ते नाही ठेवायचं आता. साधं पाणी ठेवू. माठातलं. पेला काठोकाठ भरून ठेवू. त्यांचं तेच राहिलंय माझ्याकडे.

हितेंद्र घरी आहे ना?… द्या त्याला फोन. द्या ना, माझ्यासाठी.

…हां बेटा, मामी बोलतेय. आईला रडू दे, गप्प करू नको. ओट्यावर धने-खडीसाखरेची बरणी असेल, ती उचल आणि नजरेआड कर… नंतर सांगते का ते. आता आईला घेऊन दवाखान्यात जा. साखर तपासायची आहे… उपाशी-बिपाशी काही नको, आत्ताच्या आत्ता. बोटाला टोचतात फक्त… गंधमुक्ती परवा आहे रे, हे आज… घाबरू नको. साखर असली तरी वेळेवर कळलं की औषधपाण्यानं माणूस चांगलं जगतं. आबांचं आम्हाला कळलं नाही वेळेवर… आकडा काय येतो तो पहिला मला सांग. मी फोन हातातच धरून बसते.

मागून काय म्हणतेय ती?… नीट ऐकू नाही आलं, विचार तिला…

पाणी पिऊ का, म्हणून विचारतेय?…

हो रे बाळा. पिऊ दे. साधं दे, माठातलं. मागेल तेवढं दे, मोजू नको… ठेवते मी.