मशीनचं पाणी

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर होता, ते सांगितलं का रे तुम्हाला? बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. मी ऑपरेटर होतो. एका सकाळी मशीन तापलं आणि आपोआप बंद पडलं. साहेब आणि इंजिनिअर वायरिंगचे नकाशे पसरून बसले, पण दुपारपर्यंत कोणालाच काही कळेना. मला वाटलं, माझ्याच हातून काहीतरी बिघडलं, आता नोकरी गेली.

तेवढ्यात झाडू मारायला आलेल्या शेवंताबाई म्हणाल्या, "मागच्या खोलीतला नळ मी सकाळीच बंद केलाय हां. पाइपातून पाणी नुसतं वाहत होतं."

इंजिनिअर धावतच सुटला.

साहेबांनी समजावलं, "बाई, त्या पाण्याने मशीन थंड राहतं."

"विजेच्या मशीनला पाणी?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

साहेब म्हणाले, "पुढे सगळीकडे अशीच मशीनं येणार."

शेवंताबाई जरा गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या मालाडला पहाटे अर्धा तास पाणी येतं, साहेब. तिथे असं मशीन आलं, तर पाणी आधी ते भरणार की आम्ही?"