लाल गाडीचे मागचे ब्रेक

...आणि वर मलाच म्हणतात, "रोलंड, साधं काम आहे रे!" साधं? तुम्हाला सांगतो, ज्याने ज्याने मला हे वाक्य ऐकवलं ना, त्या प्रत्येकाला एकदा माझ्या गॅरेजातल्या बर्फासारख्या फरशीवर उताणं झोपवायचंय, तोंडावर गंजाचा भुगा पाडायचाय आणि वरून विचारायचंय, काय राजे, साधं वाटतंय का?

म्हणजे बघा, गाडी माझी. विकत घेतलेली नाही, बांधलेली! किट कार. खोक्यांतून सांगाडा येतो, पत्रा येतो, आणि बाकीचं, म्हणजे इंजिन, चाकं, ब्रेक, ते आपण भंगारातल्या गाड्यांतून उचकटून आणायचं आणि जोडायचं. माणसं दोनच बसतात, छप्पर नाही, दारं नाहीत, आणि आमच्या डर्बीशायरात पाऊस कधी थांबतो ते मला विचारू नका! मी आणि पलीकडच्या घरातला क्लिफर्ड, दोघांनी मिळून बांधली. माझी मुलगी हेटी तेव्हा एवढीशी, पान्यांच्या डब्यावर बसून आमची भांडणं ऐकायची. आता तीच लग्नाला उभी राहिली, आणि म्हणते काय? "बाबा, चर्चला मी आपल्या गाडीतूनच जाणार."

आपल्या गाडीतून! लगेच गाडीवरची चादर ओढून काढली हो मी. आणि चादर हातात असतानाच आठवलं, की आमचं घर टेकडीच्या माथ्यावर आणि चर्च पार पायथ्याशी. मधला उतार असा, की पोस्टमनसुद्धा सायकलवरून उतरून चालतो. म्हटलं, ब्रेक बघून घेऊ. मागचं चाक काढतो तर काय... पॅड झिजून पापुद्रा! मुलगी पांढऱ्या झग्यात, शेजारी मी, आणि गाडी थेट चर्चच्या दारातून आत, पाद्रीबाबांना घेऊन पलीकडच्या भिंतीतून बाहेर... झोप उडाली माझी!

ग्लेनिस, आमची बायको, आरशासमोर एक टोपी डोक्यावर, दुसरी हातात. वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "मग बदल ना पॅड. साधं काम आहे. आणि ही बरी का ती?"

गेलो दुकानात. काउंटरवर जाडजूड, प्रेमळ बाई. "बोल राजा, कुठली गाडी?"

"किट कार."

"कंपनी?"

"मीच."

"म्हणजे?"

"म्हणजे मी आणि क्लिफर्ड."

"बरं. मॉडेल?"

आता काय सांगू? म्हटलं, "लाल."

बाईंनी कॉम्प्युटरकडे बघितलं, कॉम्प्युटरने बाईंकडे. मग मला समजावतात, "हे बघ, मागचे ब्रेक मुळात कुठल्या गाडीवरचे, एवढंच सांग. साधं काम आहे!"

एवढंच! अहो, पण पुढचा भाग माझा होता, मागचा क्लिफर्डचा! आणि क्लिफर्ड आणि मी बोलत नाही. का? तर गाडीचा रंग. मला लाल हवा, त्याला हिरवा. नाणं उडवलं, ते गेलं माझ्या बाहीत, बाहेर काढलं तेव्हा छापा होता. झाली गाडी लाल. क्लिफर्ड म्हणतो, बाहीत असताना काटा होता. मी विचारतो, तू काय बाहीत बसला होतास? बस. त्या दिवसापासून तो कुत्रा घेऊन उजवीकडे वळला की मी डावीकडे.

मी अंदाजाने पॅड आणले. बसेनात. दुसरे आणले, ते घुसले, पण हलेनात, मग निघेनात! लग्न परवावर आलेलं, घरात केक आलेला, फुलं आलेली, मी बागेत फेऱ्या मारतोय, आत येतोय, पुन्हा बाहेर. ग्लेनिस खिडकीतून ओरडली, "गवत झिजवू नकोस! क्लिफर्डला विचार!"

"मेलो तरी नाही!"

"तू एकटा नाही मरणार रोलंड, गाडीत माझी पोरगी असेल."

गेलो. बेल वाजवली. क्लिफर्डने दार उघडलं, गळ्यात एप्रन, हातात रश्शाचा डाव.

"काय?"

"मागचे ब्रेक कुठल्या गाडीचे?"

डावाने डोकं खाजवलं पठ्ठ्याने. मग म्हणतो, "हिरव्या."

"अरे, पण कुठल्या हिरव्या?"

"भंगारात पडली होती ती. हिरवी होती एवढं आठवतंय. छान दिसतो हिरवा, गाडीला."

मी वळलो. खरंच वळलो! तर मागून हळूच विचारतो, "हेटीचं लग्न ना शनिवारी?... थांब. कोट घालतो."

निघालो दोघं. जुना पॅड रुमालात गुंडाळून त्या बाईंसमोर ठेवला. त्या बिचाऱ्या एकेक खोकं उघडतायत, पॅडवर पॅड ठेवून बघतायत, दुकानात रांग लागलेली, आणि क्लिफर्ड रांगेला सांगतोय, "दोन मिनिटं हं, साधं काम आहे!" अखेर जुळला एक. क्लिफर्डने त्या बाईंचा हात हातात घेतला. मला वाटलं, रडतो आता.

पण पुढे काय? नवा पॅड जाड. तो बसवायचा तर ब्रेकचा दट्ट्या, म्हणजे पॅडला दाबणारा पिस्टन, आत जायला हवा. मी शिकंजा लावून आवळतोय, आवळतोय, कानातून वाफ निघायची बाकी... दट्ट्या जागचा हलेल तर शपथ!

"ढकलतोयस काय गाढवा? मागचा दट्ट्या फिरवत आत घालायचा असतो, स्क्रूसारखा."

"मग आधी का नाही बोललास?"

"तू कुठे बोलत होतास माझ्याशी?"

फिरवला. गेला हो, लोण्यात सुरी जावी तसा! दोन्ही चाकं बसवली, मी ऐटीत आत बसलो, ब्रेकवर पाय ठेवला... आणि पाय सरळ तळाला! क्लिफर्ड शांतपणे, "दाब सोड, दाब सोड. तेल भरू दे ब्रेकात." दाबत राहिलो, आणि हळूहळू खालून तो घट्टपणा आला. मी क्लिफर्डकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. दोघंही लगेच दुसरीकडे बघायला लागलो.

शनिवारी पाऊस नव्हता! हेटीचा घुंगट वाऱ्यावर माझ्या तोंडात, मी तो थुंकतोय, ती हसतेय, गाडी उतरतेय, आणि चर्चच्या दारात, अगदी मधोमध, अशी अलगद थांबली की पाद्रीबाबांनी टाळ्या वाजवल्या! मी हँडब्रेक ओढला. हेटीने माझा हात घट्ट धरला, म्हणाली, "बाबा, आता चला." त्या क्षणी, तुम्हाला सांगतो, जगातल्या सगळ्या गंजाला मी माफ केलं.

लग्न लागलं. बाहेर आलो. आता नवरानवरी याच गाडीतून जायची, तर गाडी हलेना! मागची चाकं जाम. नवे पॅड जाड, हँडब्रेकची तार सैल करायला हवी होती.

"मला वाटलं तू केलीस!"

"मागचा भाग तुझा!"

"पाना तर तुझ्या हातात होता!"

भाड्याचे सूट, खिशाला फुलं, आणि आम्ही दोघं रस्त्यावर आडवे, डोकी गाडीखाली. वर तांदळाऐवजी रंगीत कागदांचा वर्षाव, घंटा वाजतायत, आणि तेवढ्यात फोटोग्राफर ओरडला, "सगळे इकडे बघा!"

आम्ही कसे बघणार? जावई आणि हेटी बसने गेले. आणि तो फोटो ग्लेनिसने मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. मधे नवरानवरी, शेजारी टोपीवाली ग्लेनिस, कडेला लाल गाडी, आणि गाडीखालून बाहेर आलेले चार पाय. येणारा जाणारा विचारतो, नवरीचे वडील कुठायत? मी छाती काढून दाखवतो, ते काय, डावीकडचे दोन.

पण खरं सांगू? मलाही नक्की माहीत नाही.