आधी साहेबांची झडती

त्या दिवशी मुखेडात ऊन असं की दाराची कडी हाताला धरवत नव्हती. फौजदार दारात येऊन म्हणाले, "चाचा, घरात गुटखा लपवलाय म्हणून खबर हाय. झडती घ्यायचीय."

माझं पोट पानटपरीवर. गुटख्याचं नाव निघालं की संशय आधी माझ्यावरच.

शेजारच्या शिवप्पाला पंच म्हणून बोलावलं. मग फौजदारांनी स्वतःचेच हात वर केले. "आत शिरायच्या आधी तुम्ही आमची झडती घ्या."

"साहेब, खबर माझ्याबद्दल हाय की तुमच्याबद्दल?"

"रीतच तशी हाय, चाचा. पंचालाबी तपासा."

साहेबांच्या खिशात निघाला रुमाल. शिवप्पाच्या खिशात गुटख्याची पुडी! ती साहेबांनी बाहेरच ठेवून घेतली.

घरात काहीच सापडलं नाही. पोलीस गेल्यावर शिवप्पा हळूच म्हणाला, "चाचा, माझी पुडी आत पडली असती, तर ती तुमची झाली असती की हो!"