एक ऑक्सिजन उरतो

बंधुभगिनींनो, आणि माझ्या शाळेतल्या मैत्रिणींनो,

कर्णिकबाईंच्या फोटोला घातलेला हार बघवत नाही. बोलायला उभी राहिलेय खरी, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

बाईंनी आम्हां गिरणगावातल्या मुलींना रसायनशास्त्र शिकवलं. रासायनिक समीकरणं फळ्यावर नंतर, आधी आम्हांलाच उभं करायच्या. दोघी हायड्रोजन, हातात हात. दोघी ऑक्सिजन, हातात हात. "हं, आता करा पाणी!" पाण्याला हायड्रोजन लागतात दोन, ऑक्सिजन एकच. मग एक ऑक्सिजन उरला. ती मी.

कुसुम म्हणाली, "हिलाही घेऊ या की त्यातच!"

बाई म्हणाल्या, "घे. पण मग ते पाणी नाही, जखम धुवायचं औषध झालं. पिऊन बघ!"

"मग हिला खाली बसवू?"

"अजिबात नाही. उरलेल्याला घालवायचं नाही. त्याच्यासाठी आणखी दोघी आणा."

आणखी दोन हायड्रोजन आल्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. समीकरण जुळलं.

पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात माझे वडील तुरुंगात गेले. आई गिरणीत जायची, धाकट्या बहिणीला सांभाळायला घरात कुणी नाही. ऐन मॅट्रिकच्या वर्षी माझी शाळा सुटली. सगळे हळहळले. हळहळायला काय लागतं? बाई मात्र काळाचौकीला आमच्या चाळीचे जिने चढून आल्या. म्हणाल्या, "सुमनशिवाय आमचं पाणी होत नाही."

आई गांगरली. "बाईनू, शाळेचो नळ बंद पडलो काय?"

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की बाई पाच जणींना घेऊन आमच्या गॅलरीत हजर. बहीण माझ्या कडेवर. नळावरच्या बायका म्हणायच्या, "इथे हंडे रिकामे, नि ह्या हातात हात घालून पाणी करतायत!" सगळ्यात मोठ्याने बाईच हसायच्या.

मी मॅट्रिक झाले. आज कॉलेजात विज्ञान शिकतेय. हुशार शिक्षक पुष्कळ असतात हो. उरलेल्या एकीसाठी जिने चढणारे किती असतात?

माझी आई आज गिरणीतली पाळी सोडून आलीय. मागे दाराशी एकटीच उभी आहे. कुसुम, जा गं तिच्याकडे. आणखी एक कुणीतरी जा. तिचे दोन्ही हात धरा.

आता आपण सगळेच उभे राहू. शेजारच्याचा हात धरू. कुणी उरलं नाही ना, एवढं बघू, आणि मग बाईंसाठी शांत होऊ.