घरचं सॉसेज

हिवाळा ॲरिझोनात काढून आम्ही कॅनडात घरी परतत होतो. सरहद्दीवर आमची कॅम्परव्हॅन झडतीला बाजूला घेतली, म्हणून आत कचेरीत बाकावर बसलो होतो. आमच्या आधीचं म्हातारं जोडपं खिडकीशी उभं होतं, आणि पलीकडे तपासणीवरची पोरगी.

"काका, खायचं काही आणलंय का विचारलं, तर 'काही नाही' म्हणालात. मग गाडीतल्या फ्रीजमधलं हे सॉसेज?"

"घरचं आहे हो. विसरलो."

"विसरलास? टॉवेलात गुंडाळून बर्फाखाली कोणी दडवलं, विल्फ?"

"व्हर्ना, तू गप्प बस."

"आधीच सांगायचं होतं ना, काका. आता जप्त करावं लागेल."

"चार तुकडे तर आहेत, पोरी. सोड की."

"आमच्या इथे एक जुने साहेब होते. मी नाही पाहिले, पण त्यांचा नियम अजून चालतो. 'काही नाही' असं जो घाईने म्हणतो, त्याचा फ्रीज आधी उघडायचा."

"हो का?" व्हर्नाने विचारलं. "आणखी काय सांगायचे तुमचे साहेब?"

"एका आजीने बाळाच्या दुपट्यात सॉसेज लपवलं होतं. रडत होती बिचारी. तिची नक्कल करायचे, 'घरचं आहे हो, विसरले.' सगळे पोट धरून हसायचे म्हणे."

"तुला उकडतंय का रे, विल्फ?"

"ते बघा, भिंतीवर फोटो आहे त्यांचा. अगंबाई, काका, नाक तर अगदी तुमचंच! तुमचे कोणी लागतात का?"

"कोणी नाही," म्हातारा घाईने म्हणाला.