शेनबाईंच्या मुलाखतीचा शेवट

(एडिसन, न्यू जर्सी. जेवणाच्या टेबलावर मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं पसरलेली. अंकाचा संपादक उल्हास आणि त्याची बायको अहिल्या.)

उल्हास : नाही म्हणजे नाही! दिवाळी अंकात चिनी बाई कशाला? आपले लेखक संपले?

अहिल्या : लेखक पोत्यानं पडलेत. वाचणारं कुणी नाहीये.

उल्हास : अगं, पण शेन युलान म्हणजे कोण? चायनीज ग्रोसरीत गल्ल्यावर बसते. म्हणे कादंबरीकार!

अहिल्या : सात कादंबऱ्या आहेत तिच्या. तुझी एक, त्या एकीचे गठ्ठे अजून गराजमध्ये पडलेत.

उल्हास : असतील सात. आधी कुठल्याशा कोळशाच्या गावात बसकंडक्टर. मग सरकारनं अवॉर्ड दिलं, फ्लॅट दिला, लेखक संघात खुर्ची दिली. ती मस्त उबवली, आणि मग लिहिलं त्यांच्याच विरुद्ध. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई!

अहिल्या : तिच्या गावची खाण कोसळली. माणसं आत गाडली गेली आणि वरचे म्हणाले, काही झालंच नाही. तिनं झालं ते लिहिलं. पुस्तकावर बंदी आली, खुर्ची गेली, फ्लॅट गेला. ती इथं एका युनिव्हर्सिटीत आली होती, तर तिकडच्यांनी पासपोर्टच रिन्यू केला नाही. सगळं आहे मुलाखतीत. मी काय झक मारायला भाषांतर केलं? वाचलीस तरी का?

उल्हास : चाळली. नुसतं रडगाणं! शेवटी तर आईलाच आणलंय. 'आई गेली तेव्हा मी इथं दुकानात होते.' अमेरिकन लोकांना हेच लागतं, यार. अश्रू विकायचे.

अहिल्या : विकता आले असते तर गल्ल्यावर कशाला बसली असती? बरं, तिच्या जागी काय छापणार?

उल्हास : माझा ललितलेख. 'आईचा हात'. ऑलरेडी सेट केलाय. मंडळाच्या शोभनाकाकूंना फोनवर वाचून दाखवला, ढसाढसा रडल्या.

अहिल्या : मीही वाचला. 'आईनं शेवटचा श्वास घेतला तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.'

उल्हास : ललित आहे ते. थोडी लिबर्टी घ्यावी लागते.

अहिल्या : आई नागपुरात वारल्या, उल्हास. तुझ्या नीलाताई तिकडे फोन धरून उभ्या होत्या आणि तू इकडे, ह्या टेबलाशी. म्हणालास, आत्ता गेलो आणि परत यायच्या व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर नोकरी जाईल.

उल्हास : जातच होत्या लोकांच्या! माझ्या ऑफिसातला देवांग नाही अडकला तिकडे?

अहिल्या : अडकला. म्हणून तर मी तेव्हा एक शब्द बोलले नाही. भीती मलाही वाटली होती. त्यावरून तुला कधी हलकं लेखलं नाही. आज लेखतेय. त्या बाईच्या हातात पासपोर्ट नव्हता, तरी ती स्वतःलाच दोष देते. तुझ्याकडे पासपोर्ट होता, आणि तू आईच्या उशाशी जाऊन बसलास. कागदावर!

उल्हास : हळू बोल जरा.

अहिल्या : का? मंडळाला ऐकू जाईल?

उल्हास : ...तिला काही सांगितलंयस का? माझ्याबद्दल?

अहिल्या : तिनंच विचारलं, संपादकाची आई आहे का म्हणून. नाही म्हटलं. त्यालाही पोचता आलं नाही.

उल्हास : मग?

अहिल्या : म्हणाली, मग मुलाखतीचा शेवट त्याला समजावून सांगायला नको.