सुमनताईंची ओटी

मुरबाडकर, शहापूरकर मंडळी, आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या तरुण मित्रांनो,

सुमनताईंना जाऊन आज तेरा दिवस झाले. मी पन्नाशीचा वार्ताहर. निधनाच्या बातम्या इतक्या लिहिल्या, की 'शोकाकुल' हा शब्द बोटं आपोआप लिहितात. आज जीभ अडते आहे. आणि तरीही, क्षमा करा, ओरडून काहीतरी सांगावंसं वाटतं आहे!

ताई निवृत्त नर्स. मुरबाडला त्यांच्या ओटीवर दर गुरुवारी दारू सोडू पाहणारी पोरं जमायची. एकदा मी तिथं सुभाषितांसकट भाषण ठोकलं. पाठशाळेत शिकल्याचा माज, दुसरं काय! ताई म्हणाल्या, "भाऊ, आवरा. दारूनं नाय मेली ती पोरं तुमच्या श्लोकांनी मरतील."

त्या पोरांत आटगावचा महेश होता. त्याच्या परवानगीनं सांगतो. समोरच बसलाय, चुकलो तर उठेल. वय तेवीस, आणि सकाळपासून प्यायचा. घरच्यांनी आपल्याकडचा रामबाण काढला: लगीन लावा, सुधारेल! किती घरांत हेच औषध दिलंय, सांगा बरं? हसू नका, हात वर करा.

ताईंनी वेगळंच विचारलं. "किती पितो ते राहू दे. कशाला पितो?"

तिसऱ्या गुरुवारी तो बोलला. "ताई, माझं मन पोरींत नाय, पोरांत हाय. शुद्धीत असलो की त्याचीच भीती वाटते."

"मग मनाला औषध नाय लागत रे. दारूला लागतं. चल डॉक्टरकडं."

पण त्याआधीच घरच्यांनी सुपारी ठरवली. आपल्यात सुपारी फुटली की लग्न पक्कं. ताई बोलावणं नसताना पोचल्या. ताटातली सुपारी उचलली आणि कनवटीला खोचली! "पोराला इचारल्याशिवाय ही फुटायची नाय." घरात दुसरी सुपारी नव्हती. एकजण दुकानाकडं पळाला. तेवढ्यात महेश उठला. बोलला. सगळं बोलला.

सगळ्यांत आधी सावरली ती मुलीची आजी. "बरा बोललास रे बाबा! माझी नात वाचली, नि तू पण."

महेशचे वडील बाळारामभाऊ मात्र सावरले नाहीत. पोराशी बोलणं बंद. महेशची दारू सुटली, दोनदा परत लागली, परत सुटली. बाप एका शब्दानं बोलला नाही.

आणि ताई गेल्या. मला एकच धास्ती. ओटी बंद झाली, तर ही पोरं पुन्हा गुत्त्यावर. महेशही. परवाच्या गुरुवारी भीतभीतच गेलो.

मंडळी, ओटी भरलेली होती! महेश चहा गाळत होता. शुद्धीत! आणि पायरीवर बाळारामभाऊ, हातात दुधाची किटली. पोराकडं न बघता म्हणाले, "घरचं दूध हाय. मी बसू का इथं?"

महेशनं किटली घेतली. मग म्हणाला, "बस ना, बाबा. पण इथं गप नाय बसायचं. ताईचा नियम हाय."

बाप बसला. आणि बोलला! काय बोलला, ते मी छापणार नाही.

ताई, ओटी चालू आहे. तुमचा नियम आज फक्त दोन मिनिटं मोडतो.

उठा, मंडळी.